बाभळीखालचा माणूस

रविवार, २२ नोव्हेंबर १९६४, मिरज

आलो बुवा एकदाचे! सातारा रोडला गाडीत बसल्यापासून मिरजेला उतरेपर्यंत विनू नुसत्या भाजक्या शेंगा खात होती. टरफलं माझ्या धोतरावर. बोललो तर म्हणाली, मी नाही खात, आत बसलंय ते खातंय. पाचवा महिना आहे. मागल्या वर्षी याच दिवसांत सगळं हातचं गेलं, त्यामुळं तिनं काहीही मागितलं तरी मी नाही म्हणत नाही. यंदा सगळं नीट होऊ दे, बाकी देवाकडं माझं काही मागणं नाही.

उद्यापासून शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू व्हायचं. दोन खोल्या आणि न्हाणी मिळाली आहे. मालकीण चंद्राबाई बोलायला फटकळ, पण विनूचं पोट बघून आल्या आल्या गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली. न्हाणीला एकच खिडकी आहे. तिच्यावर घोंगडं टाकलं की फोटो धुवायला फर्स्टक्लास अंधार होतो, हे मी सामान लावायच्या आधी बघून घेतलं. विनूनं कपाळावर हात मारला.

साताऱ्याला मामांच्या स्टुडिओत मी आठ वर्षं रिटचिंग केलं. नवऱ्या मुलीच्या तोंडावरचे देवीचे व्रण, सासऱ्याची चकणी नजर, सगळं निगेटिव्हवरच पेन्सिलीनं गुळगुळीत करून द्यायचो. जिल्ह्यात माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे मी म्हणत नाही, मामा म्हणायचे. निरोपाला त्यांनी त्यांचा जुना जर्मन कॅमेरा दिला. आता माणसांची थोबाडं पुरे झाली. पक्षी, पाणी, आभाळ!

गुरुवार, २६ नोव्हेंबर

इथं छायाचित्र मंडळ आहे! एका तंबोरेवाल्याच्या माळ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी जमतात. वर आढ्याला वाळत टांगलेले मोठाले भोपळे, खाली सतरंजीवर आम्ही. भोपळ्याला डोकं आपटलं की नवा सभासद पक्का झाला, असं म्हणे. मी दोनदा पक्का झालो.

मुख्य म्हणजे आप्पासो. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. दुसरे सयाजीराव, दवाखान्यात कंपाउंडर, हसरा गडी. त्यांना उडता पक्षी काही केल्या साधत नाही, प्रत्येक फोटोत नुसती शेपटी येते. त्यांना सगळे शेपटीसम्राट म्हणतात आणि ते स्वतः सगळ्यांत जास्त हसतात. आणखी चार-दोन जण आहेत. फोटो हातोहात फिरतो. आधी एक बरा शब्द बोलायचा, मग खोड काढायची, असा इथला नियम. माझ्या अजिंक्यताऱ्याच्या फोटोला आप्पासो म्हणाले की झ्याक हाय, पण माणूस न्हाई. निसर्गाच्या फोटोत माणूस पायजेच, न्हाईतर डोंगर केवढा ते कसं कळावं.

शेवटी एक गंमत झाली. सयाजीरावांनी डोणीच्या तळ्याचा फोटो काढून मध्ये ठेवला. पलीकडचा काठ, वठलेली बाभळ, तिच्याखाली घोंगडं पांघरलेला एक पाठमोरा माणूस. बास! ना पक्षी, ना ढग. कुणी बरा शब्द बोललं नाही, कुणी खोड काढली नाही. आप्पासोंनी त्या माणसावर बोट ठेवलं, “हाय” म्हणाले आणि फोटो एका गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठ्यात सगळे तसलेच फोटो. दर आठवड्याला एकानं जाऊन तो काढायचा अशी पाळी असते. म्हातारपणी माणसाला काय काय छंद लागतात!

रविवार, २९ नोव्हेंबर

पहाटेच सायकलींवर डोणीच्या तळ्यावर गेलो. काय सांगू! धुकं, धुक्यात चक्रवाकांच्या जोड्या, कडेला करकोचे आपल्याच तंद्रीत. एका टिटवीनं ओरडून सगळ्यांना उठवलं आणि आभाळ पंखांनी भरून गेलं. सयाजीरावांनी खटकन बटण दाबलं. मी म्हटलं, शेपट्या आल्या का? म्हणाले, यंदा भरपूर.

पलीकडच्या काठाचा फोटो काढायची पाळी आज मला दिली. नव्या माणसाचा मान, म्हणे. आप्पासोंनी दोनदा बजावलं की फोटो पुरा छापायचा, कडा कापायच्या नाहीत आणि निगेटिव्हला पेन्सिल लावायची नाही. मला! आठ वर्षं ज्यानं पेन्सिल चालवली त्याला! मला राग आला, पण गिळला. बाभळीखाली आज कुणी नव्हतं. मी नीट निरखून पाहिलं. तरी ते म्हणाले, काढा तुमी. काढला. नेमकी तेव्हाच चक्रवाकाची जोडी बाभळीवरून उठली.

मंगळवार, १ डिसेंबर

शाळेला सुट्टी होती. दुपारी न्हाणीत घोंगडं टांगून रोल धुतला. तळ्याचा फोटो बघून मी नाचायचाच राहिलो. पंख पसरलेली जोडी, खाली आरशासारखं पाणी. कोल्हापूरच्या प्रदर्शनाला गेला तर पहिला नंबर ठेवलेला.

फक्त बाभळीखाली तो माणूस आला आहे. मला तर दिसला नव्हता! सावलीत असेल. पण त्याच्यामुळं सगळी चौकट बिघडते, पक्ष्यांवरची नजर त्याच्याकडं ओढली जाते.

विनूला दाखवला. ती म्हणाली, राहू दे की बिचारा, तुमच्या काय पोटात दुखतंय? शिवाय मोठ्या माणसांनी नको म्हटलंय. मी म्हटलं, तुला फोटोतलं काय कळतंय! निगेटिव्हवर वार्निश लावलं, डोळ्याला भिंग लावलं आणि टोकदार पेन्सिलीनं त्याला भरून काढला. छापून बघितलं तर बाभळ, लव्हाळी, पाणी. तिथं कधी कुणी उभा होता असं मामांनाही सांगता येणार नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर

गेलो होतो शाबासकी घ्यायला. आप्पासोंनी बोट पुढं केलं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. माणूस कुठं गेला, असं त्यांनी विचारलं. मी आपला फुशारकीनं सांगत बसलो, कसं वार्निश लावलं, कुठली पेन्सिल. सयाजीरावांच्या हातून चहाची कपबशी सुटली. सतरंजीवर चहा पसरला तरी कुणी उठलं नाही.

मग आप्पासो एवढंच म्हणाले की लय वंगाळ काम केलंत मास्तर. का ते सांगेनात. येत्या रविवारी सगळ्यांनी तळ्यावर यायचं, असं ठरलं.  पण एका माणसाला फोटोतून काढलं तर एवढं आभाळ कोसळायचं कारण काय?

रविवार, ६ डिसेंबर

तळ्यावर आज एक पक्षी नव्हता. टिटवीसुद्धा नाही. आप्पासोंनी बाभळीचा फोटो काढला. मला तो शुकशुकाट सोसेना, म्हणून मी म्हटलं, चला, मंडळाचा एक ग्रुप फोटो काढू. सयाजीरावांनी उसनं हसू आणलं. आप्पासो नको नको म्हणेपर्यंत मी बटण दाबलंसुद्धा.

दुपारी दोघांचेही रोल धुतले. आप्पासो माझ्याबरोबर न्हाणीत उभे होते. त्यांच्या फोटोत बाभळ एकटी होती.

माझ्या ग्रुप फोटोत मात्र एक माणूस जास्त होता. सयाजीरावांच्या मागं, अगदी खांद्याला खांदा लावून. घोंगडं तेच. या खेपेला पाठमोरा नाही, पण घोंगड्याच्या खोळीत तोंड असायला पाहिजे तिथं नुसता ओला अंधार. मी हे लिहितोय आणि माझ्या हाताला अजून फोटो धुवायच्या हायपोचा वास येतोय. आप्पासोंनी तो फोटो खिशात घातला आणि सयाजीला सांगू नका, असं म्हणाले.

बुधवार, ९ डिसेंबर

सयाजीराव गेले.

शेताकडच्या पाटात सापडले. घोट्याएवढं पाणी! त्यात माणूस बुडतो कसा? पाटाच्या कडेला त्यांच्या पावलांचे ठसे होते, सगळे उलटे. मागं मागं सरत गेल्यासारखे. तोंडात काळा गाळ होता. पाटाला तर तांबडी माती आहे, काळा गाळ तिथं औषधालाही नाही. त्यांच्या बायकोसमोर मला उभं राहवेना.

गुरुवार, १० डिसेंबर

आज आप्पासोंनी सगळं सांगितलं.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बिराप्पा म्हणून एक धनगर होता, मेंढरं घेऊन तळ्यावर यायचा. फोटोत माणूस पायजे म्हणून हे लोक त्याला उभा करायचे. तोही हौसेनं उभा राहायचा. त्या दिवशी आप्पासोंनी पेटीचा मोठा कॅमेरा लावला होता. डोक्यावर काळं फडकं घेऊन ते काचेत बघत होते. फडक्यातून हात काढून हातानं दाखवत होते आणि काठावरून सयाजीराव ओरडून सांगत होते, बिराप्पा, आनी जरा मागं. आनी जरा. तो बिचारा सरत गेला. बाभळीमागं गाळ होता.

पेटीच्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं, आभाळ खाली आणि जमीन वर. तो खाली खचत होता, पण काचेवर तो वर वर चाललेला दिसत होता. आप्पासोंना वाटलं, कॅमेरा हलतोय. त्यांनी तो घट्ट धरला आणि बटण दाबलं. फडक्यातून बाहेर आले तर काठावर कुणीच नव्हतं. गाळात बांबू घातले, माणसं उतरवली, हाती काही लागलं नाही. आणि तेव्हापासून त्या काठाचा कुणीही फोटो काढला की त्यात बिराप्पा उभा.

फोटो काढून झाला की आपण माणसाला ‘झालं’ म्हणतो. बिराप्पाला ते कुणी म्हणालंच नाही. आप्पासो रडत सांगत होते. नंतर त्यांनी तळ्यावर जाऊन गळा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं, पण तो असतो फोटोत. बाहेरचा आवाज त्याला पोचत नसावा. म्हणून दर आठवड्याला बघायचं, आहे ना जाग्यावर. आहे तोवर कुणाला त्रास नाही.

मी त्याला त्याच्या जागेवरून हाकलला. आता जिथं कुणी फोटोसाठी उभं राहील तिथं तो येणार. आणि त्याला जे सांगितलं होतं तेच तो शेजारच्याला सांगणार.

शुक्रवार, ११ डिसेंबर

टर्पेंटाइन लावून निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. सगळी निघाली. खाली बाभळ आहे. माणूस नाही. मी पुन्हा पुन्हा पुसत राहिलो, तेव्हा तिथली फिल्मच फाटली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विनू सांगत होती. माझी विनू सांगत होती!

रविवार, १३ डिसेंबर

विनूला सगळं सांगितलं नाही. मेव्हणा अनंत फलटणहून आला आहे, त्याच्याबरोबर तिला माहेरी धाडतो. ती चिडली, की सातव्याला जायचं ठरलं होतं, मला हाकलायची एवढी घाई कशाची? चंद्राबाईंनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. काढू दे.

एस.टी. स्टँडवर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला. गाडी सुटताना मनात आलं, तो तिच्याबरोबर चालला नाही ना? डोळ्यांना तर दिसत नाही. बघायचं कसं? कॅमेरा गळ्यात होता. एकच फोटो, नुसता खात्रीसाठी. विनू हसली. मी काढला.

रविवार, दुपार

मूर्ख मी. गाढव मी. फोटो निघतो तिथं तो येतो हे माहीत असून —

कागदावर आधी विनूचं हसू उमटलं. मग खिडकीची चौकट. मग तिच्या मागं, बाकावर, तिला चिकटून —

गुरुवार, १७ डिसेंबर

रविवारीच फलटणला तार केली होती की विनूला एकटी सोडू नका. पाण्याकडं जाऊ देऊ नका. उत्तर नाही. शाळेत मुलांना फुलदाणी काढायला सांगितली आणि मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. पाठ कुणाकडं करायची हेच समजेना.

शनिवार, १९ डिसेंबर

अनंत आला.  विनू बरी आहे, म्हणाला. बाळही बरं आहे. पण अंगणात तांदूळ निवडत बसली असेल, कुणाशी बोलत असेल, तर मध्येच उठते आणि मागं मागं सरायला लागते. विहिरीकडं. धरलं की भानावर येते आणि म्हणते, कुणीतरी मागं सर म्हटलं म्हणून सरले. काल तिला धरलं तेव्हा तिचा पाय कठड्याला लागला होता. घरात कुणी फिरकलेलं नसताना चौकात काळा गाळ सापडतो.

अनंतनं तिचा हात बाजेला बांधायचं ठरवलंय. माझ्या विनूचा.

शनिवार, संध्याकाळ

आप्पासोंकडं गेलो. मी म्हटलं, बाहेरचा आवाज त्याला पोचत नसेल तर मी फोटोत जातो. बाभळीखाली, त्याच्या जागेवर उभा राहतो. फोटोसाठी उभं राहिलं की तो येतोच, इथंही येईल. मग मी त्याला सांगतो, झालं बिराप्पा, जा आता घरी.

 तुमी नगं, मी उभा ऱ्हातो, असं आप्पासो म्हणाले. पण तो पेटीचा कॅमेरा मला चालवता येत नाही, आणि त्यातूनच काढायला पाहिजे. त्यातूनच तो आत गेला. शिवाय पुसला मी. नेऊन पोचवायचा मीच.

रविवार, २० डिसेंबर, डोणीचं तळं

स्वच्छ ऊन पडलं आहे. मी बाभळीखाली उभा आहे. वही गुडघ्याऐवजी बाभळीच्या खोडाला टेकवून लिहितोय. खिशात रिटचिंगची पेन्सिल निघाली, तीच वापरतोय.

पलीकडच्या काठावर आप्पासो काळ्या फडक्यात शिरले आहेत. दोन पायांचं काळं जनावर दिसतंय. पायाखाली जमीन घट्ट आहे, मी आधी काठीनं टोचून बघितली. लिहीत राहिलं की धीर येतो.

चक्रवाक परत आले आहेत! एक जोडी, अगदी जवळ. सयाजीराव असते तर —

उडाले. सगळे एकदम.

ओल्या मेंढरांचा वास येतोय. मागून. मी वळत नाही. फडक्यातून आप्पासोंचा हात वर झाला, फोटो निघाला.

म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. झालं बिराप्पा. फोटो झाला. चुकलं आमचं. जा आता घरी.

कुणी तरी उसासा टाकला, माझ्या मानेवर. दमलेल्या माणसाचा. खांद्यावर काहीतरी जड पडलंय. घोंगडं आहे. ओलं. त्यानं काढून माझ्या —

चालला. मला दिसतोय तो, डोळ्यांना दिसतोय! उघड्या डोक्यानं, काठाकाठानं, धनगरवाड्याच्या वाटेनं. मागं बघत नाही. फलटणची वाट नव्हे ती. विनू सुटली. सुटली माझी विनू!

आप्पासो फडक्याबाहेर आलेत. दोन्ही हात हलवतायत, पुढं या, पुढं या. ओरडतायत, पण आवाज येत नाही. तोंड नुसतं उघडमीट —

पाय उचलत नाहीत. घट्ट होती ना जमीन —

गार आहे. गुडघ्यापर्यंत. पुढं गेलो तर ही जागा पुन्हा रिकामी. मग तो परत — नाही. इथंच बरा.

आप्पासो, ‘झालं’ म्हणा. कुणी तरी म्हणा —

विनू, बाळाला जप. त्याचा फोटो काढू नको. आणि कधी काढलाच, आणि त्यात कुठं मी दिसलो, तर घाबरू नको, मला पुसू न